दवाखान्यातील संशोधन आणि डॉ. भाऊ दाजी

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे नावाचे एक लहानसे गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनासाठी सबंध खानदेशातून तेथे माणसे लोटतात. भास्कराचार्यांचे नाव त्या परिसराशी जोडले गेले आहे, हेही त्यांतील पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ज्या शिलालेखामुळे हे नाते प्रस्थापित झाले तो विद्वानांच्या जगापुढे प्रथम कोणी आणला, असे विचारले तर उत्तर देणारा क्वचितच भेटेल. तो आणणारा मनुष्य पुराणवस्तुखात्याचा अधिकारी नव्हता, संस्कृतचा प्राध्यापक नव्हता, की कोणा संस्थानिकाचा आश्रितही नव्हता. तो मुंबईत रोगी तपासून उपजीविका करणारा एक डॉक्टर होता. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्याचे नाव.

भाऊ दाजींचे चरित्र आजवर बहुधा प्राच्यविद्येच्या अंगाने किंवा मुंबईच्या सार्वजनिक जीवनाच्या अंगाने सांगितले गेले. अ. का. प्रियोळकरांनी १९७१ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला आणि १९७५ साली भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास त्यांचे नाव मिळाले. त्यानंतर ते नाव सामान्य मुंबईकरांच्याही कानी पडू लागले. मात्र त्यांच्या आयुष्याची एक बाजू अद्याप पुरेशी विचारात घेतली गेलेली नाही. खाजगी व्यवसाय करणारा वैद्य आपल्या दवाखान्यात बसून संशोधन करू शकतो काय, आणि केले तर ते टिकते कशाने, हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आहे. त्याचा विचार करताना भाऊ दाजींइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. त्यांच्या यशापासून तर काही घ्यावेच. पण त्यांच्या हातून जे निसटले त्यापासून घेण्यासारखे अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्याच्या पेडणे महालात १८२२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती आणि पोटासाठी कुटुंबाने मुंबई गाठली. मुलगा बुद्धिबळात विलक्षण तरबेज होता. त्याचा तो खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यास इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह वडिलांकडे धरला, अशी हकीकत सांगतात. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झाले आणि तेथेच शिक्षकाची नोकरीही लाभली. कच्छ व काठेवाडातील राजपूत घराण्यांत जन्मतःच मुलींचा वध करण्याची जी अमानुष चाल होती, तिच्यावर त्यांनी तरुणपणी निबंध लिहून पारितोषिक मिळवले. हा निबंध १८४७ साली प्रसिद्ध झाला. पंचविशीतल्या या शिक्षकाने एका सामाजिक दुखण्याची कारणमीमांसा केली, ती पुढच्या वैद्याची पहिली खूण म्हणावयास हरकत नाही.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ दाजी पुन्हा विद्यार्थी झाले. कॉलेजचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे मोठे शिस्तीचे गृहस्थ होते. हिंदुस्थानातील रोगांवर रुग्णशय्येपाशी केलेल्या निरीक्षणांचा त्यांचा ग्रंथ १८५६ साली निघाला. रोग्याची हकीकत लिहून ठेवावी, औषधाचा परिणाम लिहून ठेवावा, रोगी दगावला तर शवविच्छेदनात काय आढळले तेही लिहून ठेवावे, ही ज्यांची रीत होती अशा गुरूच्या हाताखाली ही पहिली पिढी तयार झाली. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी तीत होते आणि पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रेसर असलेले डॉ. आत्माराम पांडुरंगही होते.

या पदवीधरांपुढे वाट कोणती होती? सरकारी वैद्यकीय सेवेतील वरच्या जागांसाठी लंडनला जाऊन परीक्षा देण्याची मुभा हिंदी लोकांस १८५५ पासून मिळाली. पण ती मिळून लाभ घेणारे विरळा. येथे राहून सरकारी नोकरी करावयाची तर गोऱ्या सर्जनच्या हाताखाली दुय्यम पद पत्करावे लागे. भाऊ दाजींनी स्वतंत्र व्यवसाय पत्करला. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही ग्रँट कॉलेजचेच पदवीधर. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. श्रीमंत शेटसावकार मोठी फी देऊन भाऊ दाजींना घरी बोलावत आणि त्याच हातांनी ते गोरगरिबांना फुकट औषध देत. थोड्याच वर्षांत त्यांचा व्यवसाय मुंबईत अग्रगण्य ठरला.

शेकडो वर्षांपूर्वीचा दाखला

या व्यवसायाच्या धबडग्यात त्यांनी जे केले ते पाहून आजच्या डॉक्टरांनी तोंडात बोट घालावे. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिच्या चिटणीसपदाची धुरा त्यांच्याकडे होती. मुंबई विद्यापीठाच्या प्रारंभीच्या सदस्यांत ते होते. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी झटून काम केले. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. हे सारे येथे ओझरते सांगून पुढे जातो, कारण आपला रोख दुसरीकडे आहे.

वैद्यकाबरोबर त्यांना संस्कृतचा ध्यास लागला तो बहुधा वैद्यकापायीच. चरक-सुश्रुतांच्या संहितांतील औषधे खरोखर किती गुणकारी, हे पाहावयाचे तर मूळ ग्रंथ वाचता यावयास हवेत. मूळ ग्रंथ वाचू लागले की ग्रंथकाराचा काळ कोणता, हा प्रश्न उभा राहतो. आणि काळ ठरवावयाचा तर नाणी, ताम्रपट, शिलालेख यांच्याकडे वळावे लागते. एका रोग्याच्या औषधापासून निघालेली ही वाट त्यांना गिरनारच्या खडकापर्यंत आणि अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत घेऊन गेली. १८६३ साली त्यांनी अजिंठ्यातील लेखांचे वाचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडले. सोळाव्या लेण्यातील वाकाटक राजांची वंशावळ त्यांनीच प्रथम वाचून दाखवली. आज जळगाव स्थानकावर उतरून अजिंठ्यास जाणारा प्रवासी वाकाटकांचे नाव वाटाड्याच्या तोंडून सहज ऐकतो. ते नाव त्या भिंतीवरून सोडवून घेण्यासाठी एका डॉक्टरास मुंबईतले रोगी काही दिवस दुसऱ्याच्या हवाली करावे लागले असतील.

पाटण्याचा लेख त्यांनी १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात आला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांचे काळ त्या निबंधात निश्चित करण्याचा प्रयत्न आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणे येथे मठ काढला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठास शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमारास, उत्पन्न तोडून दिले. शिलालेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे. मात्र पेठेतील मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठाचा वाटा कोणता, हा व्यवहाराचा भाग अखेरीस तेव्हाच्या लोकभाषेत कोरलेला आहे. विद्येच्या पोषणासाठी गावच्या बाजारपेठेतून नियमित वाटा काढून द्यावा, ही कल्पना खानदेशच्या भूमीत आठ शतकांपूर्वी दगडावर लिहून ठेवली गेली. आजच्या आमच्या व्यापारी मंडळींनी आणि कारखानदारांनी ती एकदा वाचावी, एवढे जाता जाता सुचवतो.

या कामासाठी भाऊ दाजींनी पदरचा पैसा ओतला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या तरुणास त्यांनी हाताशी धरले, शिलालेखांचे ठसे घेण्याची कला त्याच्यात विकसित होऊ दिली आणि त्यास हिंदुस्थानभर पाठवले. हा पैसा येत होता तो दवाखान्यातून. मात्र ते केवळ दवाखान्यावर विसंबून राहिले नाहीत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला, खानदेशच्या काळ्या जमिनीतला कापूस मुंबईच्या गोदीत जाऊ लागला आणि त्या पैशाच्या पुरावर मुंबईत शेअरबाजाराचे जे वेड माजले त्यात भल्याभल्यांबरोबर भाऊ दाजीही ओढले गेले. १८६५ साली युद्ध संपले, बाजार कोसळला आणि त्यांचे मोठे नुकसान झाले. संशोधनाचा खर्च एकाच माणसाच्या खिशावर अवलंबून असला की तो खिसा फाटताच काय होते, याचा हा धडाच होता.

कडू कवठाचे तेल

आता मुख्य विषयाकडे येतो. कुष्ठरोग, ज्यास लोक महारोग म्हणत, तो त्या काळी वैद्यकशास्त्राची फजिती करणारा रोग होता. तो आनुवंशिक की सांसर्गिक, याचा निकाल लागलेला नव्हता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सर्व साम्राज्यातून माहिती मागवून १८६७ साली जो अहवाल काढला, त्याचा कल रोग सांसर्गिक नाही याकडे होता. नॉर्वेच्या हान्सेनला रोगजंतू दिसले ते १८७३ साली, भाऊ दाजींच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. म्हणजे भाऊ दाजी ज्या शत्रूशी झुंजत होते त्याचा चेहराही त्यांना ठाऊक नव्हता.

त्यांनी संस्कृत ग्रंथांची कास धरली. सुश्रुताने कुष्ठावर तुवरक नावाच्या वृक्षाचे तेल सांगितले आहे आणि हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनारी भागात वाढतात, असा निर्देशही केला आहे. हा वृक्ष म्हणजे सह्याद्रीच्या ओलसर रानात आढळणारे कडू कवठ, ज्यास कोठे खष्ट तर कोठे कवटी म्हणतात. त्याच्या बियांचे तेल भाऊ दाजींनी महारोग्यांवर वापरून पाहिले. कलकत्त्यास डॉ. मोआट यांनी १८५४ साली चौलमुग्रा नावाच्या अशाच जातीच्या तेलाकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले होते. परंतु येथे भाऊ दाजींनी जे केले ते पश्चिम घाटातील वनस्पती आणि आपल्या ग्रंथांतील शब्द यांची सांगड घालून केले. रोग्यांना गुण येतो अशी वार्ता पसरली आणि लांबलांबचे महारोगी त्यांच्या दाराशी येऊ लागले.

येथे चरित्रकारास अडखळावे लागते. औषध कोणते, हे भाऊ दाजींनी बराच काळ उघड केले नाही. ज्या माणसाने अजिंठ्याची अक्षरे सोडवताच ती सोसायटीपुढे ठेवली, तोच औषधाच्या बाबतीत मुठी झाकून बसला, हे कोडे आहे. याचा उलगडा निरनिराळ्या प्रकारे करता येईल. खात्री पटेपर्यंत बोलू नये, हा एक सद्हेतू. नाव फुटताच भोंदू वैद्यांनी बाजार मांडला असता, ही दुसरी भीती आणि ती अगदीच निराधार नव्हे. दुय्यम समजल्या जाणाऱ्या नेटिव डॉक्टराचे श्रेय वरचा साहेब घेऊन जाईल, हा संशयही त्या काळच्या वातावरणात वावगा म्हणता येत नाही. यांतले कोणते कारण खरे, याबद्दल प्रस्तुत लेखक तर्क करीत बसत नाही. कारण कोणतेही असो, परिणाम एकच झाला. औषध झाकले गेल्यामुळे ते दुसऱ्या कोणास तपासता आले नाही.

याचा तोटा किती, हे समजण्यासाठी कुष्ठरोगाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. हा रोग वर्षानुवर्षे रेंगाळतो. मधूनच चट्टे फिके पडतात, काही काळ रोग आपोआप थबकल्यासारखा होतो आणि मग पुन्हा उसळतो. नेमक्या त्या फिकट काळात औषध चालू असले तर गुण औषधाचाच वाटतो. एका दवाखान्यात एका डॉक्टराने कितीही प्रामाणिकपणे पाहिले तरी त्यास ही फसगत टाळता येत नाही. ती टाळावयाची तर दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी, शक्य तर औषध न दिलेल्या रोग्यांशी ताडून पाहून, वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. भाऊ दाजींपाशी हा वेळ उरला नव्हता. अखेरची काही वर्षे त्यांना पक्षाघाताने पछाडले आणि १८७४ साली त्यांचा अंत झाला. भगवानलाल तेव्हा नेपाळात शिलालेखांचे ठसे घेत हिंडत होते.

पुढे या तेलाचे काय झाले, ते थोडक्यात सांगावयास हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी या जातीच्या तेलांतील आम्ले वेगळी केली. १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटात ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुणीने त्यांपासून टोचून देण्याजोगे रूप तयार केले. त्यानंतर कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनी त्याचा व्यापक वापर केला. सल्फोन औषधे १९४० च्या दशकात येईपर्यंत जगभरच्या कुष्ठधामांत हेच तेल मुख्य आधार होते. त्याने रोग समूळ जात नसे आणि पुष्कळांना तो उलटे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दुसरे काहीच नसताना लक्षावधी रोग्यांनी ते घेतले. त्या साऱ्या इतिहासात मुंबईच्या या डॉक्टराचे नाव एखाद्या ओळीत आले तर आले. त्याने किती रोग्यांना औषध दिले, कोणत्या मात्रेत, किती दिवस, कोणास गुण आला आणि कोणास आला नाही, हे सांगणारा ग्रंथ मागे राहिला नाही. १८८८ साली कलकत्त्यास रामचंद्र घोष यांनी त्यांचे लेखन संकलित करून छापले, तेही प्राच्यविद्येवरील निबंधांचे. शिलालेख छापले गेले म्हणून टिकले. केसपेपर छापले गेले नाहीत म्हणून गेले.

एक आणखी प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८६२ च्या गाजलेल्या महाराज बदनामी खटल्यात, वैष्णव महाराजांच्या अनाचाराविरुद्ध लिहिणाऱ्या करसनदास मुळजींच्या बाजूने भाऊ दाजींनी साक्ष दिली. ज्याच्यावर आपण उपचार केले त्याचा रोग काय होता, हे त्यांनी न्यायालयात शपथेवर सांगितले. त्यांच्या धैर्याची तेव्हा वाहवा झाली आणि सुधारणेचा पक्ष न्याय्य होता यात शंका नाही. परंतु रोग्याचे गुपित कोणत्या क्षणी सार्वजनिक हितासाठी उघडावे, हा प्रश्न त्या साक्षीने कायमचा मिटवला असे म्हणता येणार नाही. दवाखान्यातील नोंदी संशोधनासाठी वापरावयाच्या म्हटल्या की तोच प्रश्न आजच्या डॉक्टरापुढेही येतो. फरक इतकाच की आज त्याचे नियम झाले आहेत.

खेड्यापाड्यांतील पुरावा

दवाखान्यात बसून शोध लागत नाहीत, शोध लागतात ते मोठ्या प्रयोगशाळांत, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. गोवऱ्या मुलींच्या हातावरचे फोड पाहून देवीच्या रोगावर लस काढणारा जेन्नर इंग्लंडातील बर्कली या गावचा साधा डॉक्टर होता. काळपुळीच्या जंतूचा जीवनक्रम १८७६ साली उलगडणारा रॉबर्ट कॉख तेव्हा वोल्श्टाइन या आडगावचा सरकारी वैद्य होता आणि राहत्या घराच्या एका भागात त्याची प्रयोगशाळा होती. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे शास्त्र उभारणारे जेम्स मॅकेन्झी बर्नली या गिरणगावात १८७९ पासून जवळजवळ तीस वर्षे कामगारांना तपासत होते. यॉर्कशरच्या एका खोऱ्यातील विल्यम पिकल्स यांचे उदाहरण तर आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी भिंतीवर लावण्यासारखे आहे. खोऱ्यातील माणूस न् माणूस त्यांच्या ओळखीचा. काविळीची साथ आली तेव्हा कोण कोणास कोणत्या दिवशी भेटले, हे त्यांनी टिपून ठेवले आणि त्यावरून रोग शरीरात किती दिवस दबा धरून बसतो याचा हिशेब मांडला. मोठ्या शहरातील इस्पितळास हे जमले नसते, कारण तेथे रोगी येतो आणि जातो. तो कोणाच्या लग्नाला गेला होता, हे इस्पितळास कसे कळणार?

महाराष्ट्रात अलीकडचे उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे. कोकणात विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, दगावत. बावस्करांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर महाडच्या आपल्या रुग्णालयात या रोग्यांपाशी रात्री बसून नोंदी केल्या, हृदयावर होणारा परिणाम ओळखला आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. १९८० च्या दशकात लॅन्सेटसारख्या नियतकालिकाने त्यांचे लेखन छापले. त्यांनी औषधाचे नाव झाकले नाही. जगातले कोणीही ते पडताळून पाहू शकले आणि म्हणूनच विंचूदंशाच्या उपचारात ते रुजले.

खानदेशात असा विषय नाही काय? सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोद्यापासून शिरपूर-चोपड्यापर्यंत, आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिंदुस्थानात त्याची ओळख १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत पटली. पण हातपाय धरून रडणारी, वरचेवर पिवळी पडणारी मुले इकडच्या डॉक्टरांच्या बाकावर त्यापूर्वीही येतच असली पाहिजेत. कपाशीवर फवारणी करून चक्कर येऊन पडलेला मजूर प्रथम येतो तो तालुक्याच्या डॉक्टरकडेच. भुसावळ-जळगावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर वर्षानुवर्षे काय परिणाम होतो, याचा पुरावा असेल तर तो याच दवाखान्यांत असणार. रोगी आपले दुखणे अहिराणीत सांगतो. ते नेमके कळणारा आणि त्याच्या बापालाही औषध दिलेला डॉक्टर हा जो साक्षीदार आहे, तसा कोणत्याही राजधानीच्या संस्थेस मिळणार नाही.

मग हे का घडत नाही? डॉक्टरांस वेळ नाही, हे उत्तर अर्धेच खरे आहे. भाऊ दाजींनाही नव्हता. खरी अडचण नोंदीची आहे. आपल्याकडे औषधाची चिठ्ठी रोग्याच्या हाती जाते आणि ती पावसात भिजते किंवा चुलीत जाते. डॉक्टरपाशी उरते ती फीची वही. चाळीस वर्षे व्यवसाय करून डॉक्टर निवृत्त होतो, दवाखान्याचे शटर खाली ओढले जाते आणि चाळीस वर्षांचे निरीक्षण त्याच्याबरोबर घरी जाते. मुलगा स्पेशालिस्ट होऊन पुण्यास गेलेला असतो. दुसरी अडचण शिक्षणाची. वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन म्हणजे बढतीसाठी लागणारे निबंध, अशी समजूत बळावली आहे. बाहेर पडून व्यवसाय करणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध असतो, असे त्यास कोणी सांगितलेलेच नसते.

तिसरी अडचण नियमांची आहे आणि ती निष्कारण म्हणता येणार नाही. भाऊ दाजींनी महारोग्यांवर तेल वापरले तेव्हा संमतीपत्र हा शब्द कोणाच्या कानी नव्हता. आज रोग्याच्या संमतीवाचून आणि नीतिसमितीच्या मान्यतेवाचून असे काही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांविषयीचे २०१९ चे नियम सांगतात की ज्या ठिकाणी स्वतःची समिती नाही, त्याने त्याच शहरातील किंवा पन्नास किलोमीटरच्या आतील नोंदणीकृत समितीची मान्यता घ्यावी. नोंदींवर आधारलेल्या साध्या अभ्यासासाठीही कोणत्या तरी समितीचा दरवाजा ठोठवावा लागतो. धडगाव किंवा पारोळ्याच्या एकट्या डॉक्टराने तो कोठे ठोठवावा, हे त्यास कोणी दाखवत नाही. नियम रोग्याच्या रक्षणासाठी आहेत. पण वाट न दाखवता केवळ फाटक उभारले की प्रामाणिक माणूस मागे फिरतो आणि अप्रामाणिक माणूस कुंपणावरून उडी मारतो.

धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे. जळगावचे २०१८ साली सुरू झाले आणि त्यानंतर नंदुरबारलाही निघाले. डॉक्टरांच्या संघटनांच्या शाखा तर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांची संमेलने होतात, औषध कंपन्यांच्या खर्चाने भोजने होतात, मोठ्या शहरांतून पाहुणे व्याख्याते येतात आणि स्लाइड दाखवून जातात. यांतल्या एखाद्या बैठकीत तालुक्याच्या डॉक्टराने आपले दहा केसपेपर घेऊन उभे राहावे आणि महाविद्यालयाच्या औषधशास्त्र व जनआरोग्य विभागाच्या प्राध्यापकांनी खाली बसून ते ऐकावेत, इतके तरी करता येईल. महाविद्यालयांच्या नीतिसमित्यांनी महिन्यातला एक दिवस बाहेरच्या व्यावसायिकांच्या प्रस्तावांसाठी राखून ठेवावा. प्रस्ताव मराठीत आला तरी तो स्वीकारावा, हेही त्यांनी जाहीर करावे. नोंदींचा एक साधा, छापील, एका पानाचा नमुना सिकलसेलसाठी आणि एक फवारणीच्या विषबाधेसाठी तयार करून तो तिन्ही जिल्ह्यांतील दवाखान्यांत वाटावयास फार पैसा लागणार नाही. छपाईचा खर्च जळगावच्या सराफ बाजाराने किंवा धुळ्याच्या बाजार समितीने उचलावा. पाटण्याच्या घाण्यांनी चांगदेवाच्या मठाचा उचललाच होता.